दांडीवरचे धुणे : गिरणगावच्या इतिहासातील एक न वाचलेले पान



या वसंत व्याख्यानमालेत थोर विद्वानांनी मोठमोठ्या विषयांवर विचार मांडले आहेत. चिटणीसांनी आमच्याकडे विषय मागितला तेव्हा आम्ही कागदावर 'दांडीवरचे धुणे' एवढे लिहून पाठविले. आमचे अक्षर वाईट असल्यामुळे वाचण्यात काही चूक झाली असावी असे त्यांना वाटले, आणि त्यांनी माणूस पाठवून खात्री करून घेतली. चूक झालेली नव्हती. आज आम्ही वाळत घातलेल्या कपड्यांवरच बोलणार आहोत.

आमचे शालेय शिक्षण नववीत संपले. पुढचे जे काही वाचन झाले ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर आणि युनियनच्या कचेरीत. तेव्हा आमच्या बोलण्यात पांडित्य शोधू नये. परंतु तीस वर्षे कामगार वस्त्यांतून हिंडताना एक गोष्ट आमच्या ध्यानात आली आहे. कामगारांचा इतिहास लिहिणारे संप लिहितात, मोर्चे लिहितात, कायद्यांची कलमे लिहितात. आणि ते लिहिलेच पाहिजे. पण कामगाराच्या घरापुढची दोरी कोणी वाचीत नाही. वास्तविक त्या दोरीवर सारे लिहिलेले असते. घरात माणसे किती, मिळवती किती, तान्हे मूल आहे की नाही, कोण आजारी आहे, कोणाची पाळी कोणती, हे सगळे खालून जाणाऱ्यास वर मान करून वाचता येते.

कपडा धुऊन वाळवायचा तर तीन गोष्टी लागतात. एक वेळ, दुसरे पाणी आणि तिसरे ऊन-वारा. श्रीमंताला या तिन्ही गोष्टी न मागता मिळतात, म्हणून त्या मिळतात हेही त्याच्या ध्यानात येत नाही. मुंबईच्या कामगाराला यांतील प्रत्येकीसाठी भांडावे लागले. त्या भांडणाची हकीकत सांगावी, आणि ते अजून मिटलेले नाही हे दाखवावे, एवढाच आमचा हेतू.

चाळीतली तार

आधी आमच्या चाळीचे चित्र डोळ्यांपुढे आणा. लालबागची तीन मजली चाळ, पुढे लाकडी कठड्याची लांब गॅलरी, आणि गॅलरीवर उघडणाऱ्या खोल्या. खोली दहा फूट रुंद, बारा फूट लांब. तीत आम्ही सात माणसे. गॅलरीच्या खांबांना तारा बांधलेल्या. ज्याच्या खोलीपुढे जेवढी गॅलरी तेवढी तार त्याची. तार उंच असे, म्हणून प्रत्येक दाराआड एक लांब काठी उभी असे. पिळे काठीच्या टोकावर घेऊन तारेवर टाकायचे, मग काठीनेच पसरायचे. हे काम लहान मुलाला साधत नाही. आम्हांला ज्या दिवशी आजोबांचे धोतर एकही सुरकुती न पडू देता पसरता आले, त्या दिवशी आम्ही मोठे झालो असे घरात सर्वांनी मानले.

आता हिशेब पाहा. आमची आजी नऊवारी लुगडे नेसत असे. नऊ वार म्हणजे सत्तावीस फूट. दुहेरी घडी करून टाकले तरी साडेतेरा फूट. खोलीची लांबी बारा आणि रुंदी दहा! म्हणजे आमच्या आजीचे एक लुगडे तिच्या स्वतःच्या घरात मावत नव्हते. ते शेजारच्या खोलीच्या तारेवर गेल्यावाचून वाळूच शकत नव्हते. शेजारच्या मावशींचीही अडचण तीच. तेव्हा आजी त्यांना म्हणे, "आज तुझी तार मला दे गं, उद्या माझी तू घे." हा करार आमच्या जन्माआधीपासून चालत आलेला होता आणि तो कोणीही मोडला नाही.

भांडणे होत नसत असे नाही. वरच्या मजल्याच्या धुण्याचे पाणी खालच्या मजल्याच्या वाळलेल्या कपड्यांवर ठिबके, की चाळीत रण माजे. नवीन लाल लुगड्याचा रंग खालच्या पांढऱ्या सदऱ्यावर उतरला म्हणजे तर विचारू नका. शेवटी चाळ कमिटीने नियम केला : धुणे मोरीत पुरते निथळू द्यावे, रंग जाणारा कपडा पहिले तीन वेळा खोलीतच वाळवावा, आणि बाळंतिणीच्या घराला उन्हाकडच्या टोकाची तार सव्वा महिना सोडावी. संघटना म्हणजे काय, वाटा म्हणजे काय आणि दुबळ्याला आधी म्हणजे काय, हे आम्ही कोणत्याही पुस्तकात वाचण्यापूर्वी त्या तारेपाशी शिकलो.

ज्यांचे कुटुंब गावी आणि पोट मुंबईत, त्यांच्या खोल्या निराळ्या. कोकणातल्या आणि घाटावरच्या गावांनी आपल्या माणसांसाठी चाळींतून खोल्या घेऊन ठेवलेल्या असत. त्यांना गावमंडळाच्या खोल्या म्हणत. एकेका खोलीत पंधरा-वीस गडी. दिवसपाळीचे कामावर गेले की रातपाळीचे त्यांच्या जागेवर आडवे होत. प्रत्येकाची मिळकत म्हणजे एक ट्रंक, एक वळकटी, भिंतीतली एक खुंटी आणि दोरीवरची हातभर जागा. अशा खोलीत दोरी कधीच रिकामी नसे. झोपलेल्याच्या तोंडावर दुसऱ्याचा ओला पंचा टपकत असे. पावसाळ्यात तर कपडा तीन-तीन दिवस वाळत नसे, आणि माणूस तोच दमट सदरा अंगात घालून गिरणीत जाई.

गिरणीत तरी कोरडे होते काय? ज्यांनी विणाई खाते पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगतो. सुताचा धागा कोरड्या हवेत तुटतो, म्हणून साच्यांच्या खात्यात हवा मुद्दाम दमट ठेवावी लागते. त्यासाठी वाफ सोडीत, पाण्याचे तुषार सोडीत. खिडक्या लावलेल्या. आमचे वडील विणाई खात्यात होते. आठ तास त्या ओल्या उष्म्यात उभे राहून ते घरी येत, तेव्हा त्यांचे बनियन पिळून काढण्यासारखे असे. धागा तुटू नये म्हणून ओल पाहिजे, असे गिरणीचे शास्त्र सांगते. माणसाचे फुप्फुस तुटू नये म्हणून कोरडे ऊन पाहिजे, हे शास्त्र मात्र खात्याच्या दाराबाहेर राहिले. मुंबईने सबंध हिंदुस्थानला कोरडा करकरीत कपडा पुरविला. तो विणणाऱ्याच्या अंगावरचा कपडा ओला राहिला.

पहिली गोष्ट : वेळ

मुंबईत पहिल्या कापड गिरणीची कंपनी १८५४ साली निघाली आणि दोन वर्षांत ताडदेवला ती गिरणी चालू झाली. त्या काळी विजेचे दिवे नव्हते, म्हणून सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत गिरणी चाले. जरा विचार करा, याचा अर्थ काय होतो? दिवसाचे जेवढे ऊन, तेवढे सगळे गिरणीच्या तासांत गेले. कामगार अंधारात निघे, अंधारात परते. आपल्या दोरीवर पडणारे ऊन त्याने पाहायचे कधी?

रविवारी म्हणाल, तर रविवारही त्याचा नव्हता. सुट्टीचा नेम नव्हता, आणि गिरणी बंद असली तरी यंत्रे साफ करावयास बोलावणे येई. या स्थितीविरुद्ध प्रथम उभे राहिले ते नारायण मेघाजी लोखंडे. म. फुले यांचे सहकारी, 'दीनबंधु'चे संपादक. १८८४ साली त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या, साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन फॅक्टरी कमिशनपुढे ठेवले. त्यातली पहिलीच मागणी रविवारच्या पूर्ण सुट्टीची होती. सहा वर्षे ही मागणी धरून ठेवल्यावर २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजार कामगारांची सभा झाली. त्या सभेत दोन कामगार स्त्रिया बोलावयास उभ्या राहिल्या, ही गोष्ट इतिहासकारांनी नोंदविली आहे. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली.

त्या दोन स्त्रिया कोणत्या खात्यात होत्या ते आमच्या वाचनात आले नाही. पण आपल्या मागणीचा अर्थ त्यांना पुरुषांहून अधिक कळत असला पाहिजे. वाइंडिंग व रीलिंग खात्यांत काम करणारी बाई दिवसभर गिरणीत उभी राही, आणि घरचे धुणे तिचीच वाट पाहात पडलेले असे. रविवार मिळाला तेव्हा पुरुषाला विश्रांती मिळाली, भजनी मंडळ मिळाले, कुस्तीचा आखाडा मिळाला. बाईला काय मिळाले? आठवड्यातून एकदा भर उन्हात धुणे वाळत घालण्याची सवड! आम्ही लहान असतानासुद्धा रविवारी सकाळी दहा वाजता गिरणगावातील कोणत्याही चाळीचा दर्शनी भाग कपड्यांनी झाकून गेलेला असे. त्या देखाव्यावर १८९० सालची सही आहे, असे आम्ही मानतो.

पुढे विजेचे दिवे आले आणि मालकांना रात्रही सापडली. कामाचा दिवस तेरा-चौदा तासांवर गेला. तो खाली आणण्यास अर्धे शतक लागले. १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतील प्रौढ पुरुषांचा दिवस बारा तासांवर आला, १९२२ पासून आठवडा साठ तासांचा झाला, १९३४ च्या कायद्याने चोपन्न आणि १९४६ साली अठ्ठेचाळीस. प्रत्येक पायरीमागे सभा आहेत, संप आहेत, तुरुंग आहेत. कामगाराच्या हातात उन्हाचा एकेक तास असा आला आहे.

दुसरी गोष्ट : पाणी

मुंबईतील धोबी तलाव आज नावापुरता आहे. तलाव केव्हाच बुजला. नळ येण्यापूर्वी शहराचे पाणी तळ्यांचे आणि विहिरींचे. विहार तलावाचे पाणी १८६० साली शहरात आले, आणि हळूहळू धुणे तळ्याकाठून चाळीच्या मोरीत आले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महालक्ष्मीला धोबीघाट बांधला गेला. तेथील कारागिरी पाहण्यासारखी आहे. दोन दोरांना पीळ घालून एक दोर करतात आणि कपड्याचे टोक त्या पिळात खोवतात. चिमटा लागत नाही आणि वाऱ्याने कपडा उडत नाही. हजारो कपडे, हजारो घरांचे, आणि प्रत्येकावर धोब्याची खूण. परंतु ही सोय शिलकी पैसा असणाऱ्यांची. गिरणी कामगाराचे धुणे धोब्याकडे क्वचितच गेले. ते घरच्या बाईच्या हातानेच आपटले गेले.

पाण्याची गोष्ट निघाली म्हणजे जातीची गोष्ट टाळता येत नाही, आणि आम्ही टाळणारही नाही. गावगाड्यात परीट हा बलुतेदार. तो सर्वांचे कपडे धुई, पण अस्पृश्यांचे धूत नसे. पाणवठ्यावर अस्पृश्याला मज्जाव. आणि स्वच्छ राहात नाहीत म्हणून नावेही त्यालाच ठेवायची! ज्याला धुण्यास पाणी दिले नाही त्याला मळका म्हणणे, यासारखा कावा दुसरा नाही. वरच्या घरांत तर वाळणाऱ्या कपड्यालाही जात होती. सोवळ्याचे वस्त्र माजघरात सर्वांत उंच दांडीवर काठीने टाकायचे आणि काठीनेच काढायचे, कोणाचा हात लागता कामा नये. खाली ओवळ्याची दांडी. एका घराच्या भिंतीत समाजाची सबंध उतरंड टांगलेली असे.

कामगार चळवळ आणि पाण्याची चळवळ यांचा संबंध एका नावाने दाखविता येतो. ते नाव सीताराम केशव बोले यांचे. १९०९ साली मुंबईत कामगार हितवर्धक सभा निघाली, तिच्या संस्थापकांत ते होते. त्याच बोल्यांनी १९२३ साली मुंबई कायदेमंडळात ठराव मांडला की, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना मोकळे असावेत. महाड नगरपालिकेने तो ठराव स्वीकारला, पण कागदावर. तो पाण्यापर्यंत नेला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, २० मार्च १९२७ रोजी, चवदार तळ्यावर. पुढे कोर्टकज्जे झाले आणि १७ मार्च १९३७ रोजी हायकोर्टाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. महाडच्या सत्याग्रहाच्या वेळी बाबासाहेब कोठे राहात होते? परळला, इंप्रूव्हमेंट ट्रस्टच्या कामगार चाळीत, दोन खोल्यांत. १९१२ ते १९३४ असा दीर्घ काळ त्यांचे बिऱ्हाड तेथे होते. ज्या हाताने महाडच्या तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, त्या हाताला चाळीतल्या सार्वजनिक नळाची रांग ठाऊक होती.

तिसरी गोष्ट : ऊन-वारा

ही ट्रस्टची चाळ आली कोठून, हे सांगताना आपल्याला १८९६ सालच्या प्लेगाकडे जावे लागते. त्या वर्षी सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगाचे निदान केले. मग सरकार खडबडून जागे झाले. कामगार वस्त्या इतक्या दाट की घराघरांत भरदुपारी दिवा लागे. त्या घरांत आता सरकारी माणसे शिरली. रोग्यांचे कपडे व अंथरुणे जाळली. ऊन आत यावे म्हणून छपरावरची कौले काढली. राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर इंग्रजी अक्षरांची खूण रंगविली. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो हे तेव्हा कोणास ठाऊक नव्हते. तरीपण अंधार आणि ओल ही माणसाची वैरी आहेत, एवढे खरे सत्य त्या गोंधळात सर्वांना पटले. एरव्ही ज्या घरात किरण येत नव्हता, तेथे मुडदा निघाल्यावर छप्पर उघडून ऊन आणले गेले. लोखंडे त्याच साथीत ९ फेब्रुवारी १८९७ रोजी गेले. कामगाराला रविवार देणारा माणूस कामगार वस्तीच्या रोगाने गेला.

१८९८ साली कायद्याने इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने दाट वस्त्या पाडल्या, रस्ते केले, काही चाळी बांधल्या. पाडल्या त्या मानाने बांधल्या थोड्या, हा आक्षेप खरा आहे. परंतु एका गोष्टीचे श्रेय द्यावयास हवे. ट्रस्टचे अध्यक्ष ओर यांनी १९१२ साली मुंबईतील घरांमधील प्रकाश व हवा या विषयावर व्याख्यान दिले आणि त्यात एक नियम मांडला. खोलीच्या भिंतीच्या तळापासून साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनात वर रेघ काढावी, आणि समोरच्या इमारतीने त्या रेघेच्या वर डोके काढू नये. ज्यांना भूमिती येत नाही त्यांच्यासाठी सोपे करून सांगतो : समोरची इमारत जेवढी उंच, त्याच्या निम्मे तरी अंतर मधे मोकळे हवे. असे केले म्हणजे तळमजल्यावरच्या माणसालाही आकाशाचा तुकडा दिसतो. कोणी म्हणेल, हा गोऱ्या साहेबाचा नियम. असेल. पण ऊन काही गोरे-काळे नसते. तळमजल्यावरच्या दोरीवर ऊन पडेल की नाही, हे मोजण्याचे एक माप त्या नियमाने दिले, एवढे आमच्या कामाचे आहे.

त्यानंतर १९२० साली मुंबई विकास खाते निघाले. हेच ते बीडीडी. पन्नास हजार खोल्या बांधू, अशी घोषणा झाली. बांधल्या गेल्या सोळा हजारांच्या आसपास. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे मिळून २०७ चाळी. खोली १६० चौरस फुटांची. मधून बोळ, दोन्ही बाजूंना खोल्या. पुढे गॅलरी नाही. पहिली काही वर्षे यांतल्या पुष्कळ खोल्या रिकाम्याच राहिल्या. भाडे परवडत नाही, गिरणी लांब पडते, अशी कारणे त्या वेळी सांगितली गेली आणि ती खरीच आहेत. आम्ही त्यांत बाईच्या बाजूचे एक कारण जोडतो. जिथे गॅलरी नाही तिथे तार नाही, आणि जिथे तार नाही तिथे सात माणसांचे धुणे घेऊन बाईने जायचे कोठे? लोकांनी पुढे आपापली युक्ती काढली. खिडकीबाहेर लोखंडी कांबी ठोकून त्यांवर दोऱ्या ताणल्या, गच्चीवर पाळ्या लावल्या. नकाशा काढणाऱ्यांनी जे दिले नाही ते राहणाऱ्यांनी भिंतीला भोके पाडून मिळविले.

संपातली दोरी

आता आमच्या स्वतःच्या आयुष्यातील एक प्रसंग सांगू द्या. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. आम्ही तेव्हा बारा वर्षांचे होतो. त्या संपावर ग्रंथ झाले आहेत. आम्ही दोरीपुरते बोलतो.

पहिल्या महिन्यात वडिलांचे कामाचे कपडे तारेवर दिसेनासे झाले. एरव्ही रोज संध्याकाळी ते धुवावे लागत. आई हसून म्हणाली, "चला, साबण वाचला." चार महिन्यांनी आईची बरी लुगडी दिसेनाशी झाली, ती कोठे गेली ते आम्ही विचारले नाही. पावसाळा संपला, आणि एके दिवशी आम्ही शाळेतून येऊन वर पाहिले तो आमच्या तारेवर अनोळखी कपडे! पांढऱ्या विजारी, झालरीची परकरे, लहान मुलाचे रंगीत झबले. आमच्या घरात लहान मूल नव्हते. आईने एका दुकानदाराच्या घरचे धुणे खोलीवर आणून धुण्यास सुरुवात केली होती.

वडील त्या दिवशी गॅलरीत बसले नाहीत. खाली नाक्यावर जाऊन उभे राहिले आणि रात्री उशिरा वर आले. साच्यावर उभे राहून शेकडो वार कापड काढणाऱ्या माणसाला आपल्या दारावरची परक्याची झबली पाहवली नाहीत. आणि शेजारच्या मावशींनी काय केले? त्यांनी एक शब्द न बोलता आपले धुणे खोलीत वाळत घातले आणि आपली सबंध तार आईला सोडली. संप कागदोपत्री कोणी मागे घेतला नाही, पण तो हरला हे सर्वांना ठाऊक आहे. तो दीड वर्ष टिकला कसा, असे पंडित विचारतात. आमच्या मते त्याच्या उत्तराचा काही भाग त्या तारेवर आहे.

संपानंतर अनेक गिरण्या पुन्हा सुरू झाल्याच नाहीत. ज्या झाल्या त्याही एकेक करून बंद पडल्या. जमिनीवर टॉवर उभे राहिले. गिरणी कामगारांच्या बायका-मुली धुणीभांडी करण्यास त्या टॉवरमध्ये जाऊ लागल्या. आम्ही आज ज्यांची संघटना बांधतो त्या घरकामगार भगिनी त्याच. २००८ साली महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला, तोही लढूनच झाला.

आजचा हिशेब

दोन वर्षांमागची गोष्ट. आमच्या संघटनेची एक भगिनी एका उंच इमारतीत कामाला होती. इमारतीच्या कमिटीने फलक लावला होता : बाहेरून दिसतील असे कपडे वाळत घालू नयेत, शोभा जाते, घातल्यास दंड. मालकीणबाईंनी सांगितले म्हणून तिने बाल्कनीच्या कठड्यावर चादरी टाकल्या. कमिटीने मालकिणीला दंड केला आणि मालकिणीने तो तिच्या पगारातून कापला. आम्ही पाच जणी-पाच जण जाऊन बसलो. सेक्रेटरी म्हणाले, "अहो, ही काय चाळ आहे?" आमच्याबरोबरच्या वयस्कर भगिनीने शांतपणे विचारले, "भाऊ, मग तुमच्याकडे कपडे वाळतात कसे?" सेक्रेटरींना काही सुचेना. शेवटी दंड परत मिळाला आणि गच्चीवर दोऱ्या बांधण्यास जागा मोकळी झाली. लहानच विजय, पण त्या घरच्या ओल्या चादरी आता उन्हात वाळतात.

हे उंच इमारतींचे झाले. पण आमची खरी चिंता निराळी आहे. रस्ते व रेल्वे यांच्या कामांसाठी हलविलेल्या झोपडीवासीयांना गोवंडी-मानखुर्दकडे ज्या वसाहती बांधून दिल्या, त्यांपैकी काहींत सात-आठ मजली इमारतींमध्ये तीन-तीन मीटरचे अंतर आहे. सात मजल्यांची उंची ढोबळमानाने एकवीस मीटर धरा. १९१२ च्या मापाने मधे साडेदहा मीटर मोकळे हवे होते. दिले तीन! 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेने व आयआयटीच्या अभ्यासकांनी या वसाहतींची पाहणी केली आणि २०१८ साली तिचे निष्कर्ष पुढे आले. जेथे ऊन व वारा पोहोचत नाही अशा वसाहतींत क्षयाचे रुग्ण अधिक आढळले. क्षयाचा जंतू उन्हात तगत नाही, दमट अंधारात टिकून राहतो. ज्या खोलीत सदरा वाळत नाही त्या खोलीत फुप्फुसही निरोगी राहणे कठीण. सदरा आधी सांगतो, एक्स-रे मागाहून.

बीडीडी चाळींच्या जागीही आता चाळीस मजली इमारती उभ्या राहात आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या ५५६ कुटुंबांना पाचशे चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० फुटांत तीन पिढ्या काढलेल्या माणसाला पाचशे फूट मिळाले, याचा आनंद आम्हांला का होऊ नये? अवश्य झाला. जुन्या चाळीचे गोडवे गाणाऱ्यांपैकी आम्ही नव्हे. सार्वजनिक शौचालयाच्या रांगेत आमच्या आया-बहिणींनी जे भोगले ते परत यावे असे कोण म्हणेल? पण गेली सव्वाशे वर्षे एक चूक पुनःपुन्हा होत आली आहे, तीकडे आम्ही लक्ष वेधतो. प्लेगानंतर माणसांची मोजदाद झाली, बीडीडीने खोल्या मोजल्या, आज चौरस फूट मोजले जातात. दोरी कोणीच मोजीत नाही.

म्हणून ज्या ज्या वस्तीत पुनर्विकासाची बोलणी चालू आहेत, तेथल्या रहिवाशांना आमचे सांगणे आहे. नकाशा पुढे आला की चौरस फुटांचा प्रश्न विचाराच, तो सोडू नका. पण त्यापाठोपाठ आणखी तीन प्रश्न विचारा. समोरची इमारत किती उंच आणि किती दूर? तळमजल्यावर ऊन किती वाजता येते आणि किती वाजता जाते? आणि पाच माणसांचे धुणे, पावसाळा धरून, कोठे वाळेल? या तिसऱ्या प्रश्नाला बिल्डरचा माणूस हसेल. हसू द्या. त्याच्या घरचे धुणे कोण वाळत घालते, हेही त्याला विचारा.

आणि सभेला पुरुषांनीच जाऊ नये, बायकांना पुढे बसवावे. महालक्ष्मीच्या मैदानावर १८९० साली दोघी बोलल्या होत्या. आज दोनशे जणींनी बोलावयास हवे, कारण कोणत्या भिंतीवर किती वेळ ऊन राहते हे त्यांच्याइतके कोणत्याही इंजिनिअरला ठाऊक नसते.

आमची आई आता थकली आहे. उपनगरातल्या आमच्या घरी खिडकीबाहेर कांबी लावून आम्ही तिला तीन दोऱ्या बांधून दिल्या आहेत. सकाळी साडेनऊला ऊन येते, साडेबाराला जाते. त्या तीन तासांत ती दोनदा उठून कपडे उलटे करते. परवा आम्ही म्हणालो, "आई, राहू दे, आम्ही करतो." तर म्हणाली, "तू सभा कर. ऊन तुझ्यासाठी थांबायचं नाही."

तेव्हा आम्हीही येथेच थांबतो.